एकच लेकरू राबतं, बाकीचे बघत बसतात

प्रश्न :
मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीचा वर्ग सांभाळते. पट ४२, पण ऊसतोडीमुळे सध्या वर्गात ३५ असतात. गावातली, वस्तीवरची आणि शेजारच्या तांड्यावरची मुलं एकत्र आहेत. आनंददायी शनिवारसाठी मी मोबाईलवर बघून बरेच उपक्रम घेतले : कागदी पेल्यांचा मनोरा, प्रश्नमंजूषा, तक्ते बनवणं, डोळे बांधून वस्तू ओळखणं. मुलांना मजा येते, नाही असं नाही. पण गट केला की एक हुशार मुलगी सगळं काम ओढून घेते, दोघं तिच्याकडे बघत बसतात आणि उरलेले एकमेकांचे पेन पळवतात. मुलं-मुली एका गटात बसायला तयार नाहीत. तांड्यावरची मुलं वेगळी बसतात. गेल्या महिन्यात प्रश्नमंजूषेत हरलेल्या गटाने जिंकलेल्या गटातल्या एकाला शाळा सुटल्यावर गाठलं आणि ते भांडण दोन्ही घरांपर्यंत गेलं. ऊसतोडीला गेलेली सात लेकरं पाडव्याच्या आगेमागे परत येतील. मागच्या वर्षी अशा लेकरांना कुठल्याच गटाने घेतलं नव्हतं. वरून मुख्याध्यापक दारात येऊन विचारतात, "मॅडम, वर्ग आहे का आठवडी बाजार?" मजाही येईल आणि मुलं मिळून काम करायला शिकतील, असे उपक्रम सुचवाल का?
– एक शिक्षिका

उत्तर :
ताई, नमस्कार.

उपक्रम तुमच्याकडे भरपूर आहेत. मी आणखी दहा सांगितले तरी फार फरक पडायचा नाही. मनोऱ्याऐवजी पूल बांधायला दिलात तर पूलही तीच मुलगी बांधेल. यात तिचा दोष नाही आणि बघत बसणाऱ्यांचाही नाही. एकट्याने होणारं काम चौघांना दिलं, की ज्याचा हात भरभर चालतो तो ते उरकून टाकतो. घरातही असंच होतं. त्यामुळे 'कोणता खेळ घेऊ' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याआधी हे बघा, की हातात दिलेलं काम एकट्याला पुरं करता येतं का? येत असेल तर ते गटाला देऊच नका, ज्याचं त्याला करू द्या.

याचा सगळ्यात चांगला नमुना तुमच्या मैदानावरच आहे. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की त्याला मागे वळता येत नाही. बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसता येत नाही, खांबाला वळसा घालावा लागतो. पळणारा गडी पलीकडच्या अंगाला गेला, की कितीही चपळ पोरगं असू द्या, त्याचं काही चालत नाही. खो द्यावाच लागतो. नवांपैकी आठ जण बसलेले असतात, पण त्यांतल्या एकालाही डुलकी काढता येत नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचा वेग कितीही असो, पुढची खेळाडू वेळेवर उठली नाही तर त्या वेगाचा उपयोग नव्हता. या खेळात कुणी 'मिळूनमिसळून खेळा रे' असं भाषण देत नाही. नियमच असे आहेत, की मिळून खेळल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. वर्गातलं काम असंच बांधायचं आहे.

आधी गटाचं बघू. माक्स रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो सात-आठ जणांत लावत नाही, माणसं वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा कमी होतो, असं त्यांना आढळलं. १९१३ साली त्यांनी ते छापलं. आपल्याकडे हे सांगायला फ्रान्सला जायची गरज नाही, रस्सीखेचीत मागच्या टोकाला नुसता दोर धरून तोंड वेडंवाकडं करणारा एक तरी गडी असतोच. म्हणून गट चौघांचाच करा. ३५ लेकरांचे चौघांचे आठ आणि तिघांचा एक, असे नऊ गट होतात. आठ-आठ जणांचे चार गट संभाळायला सोपे वाटतात, पण त्यात अर्धी लेकरं हरवतात.

गट कसे पाडायचे? "आपापले गट करा" असं म्हणालात तर जे होतं ते तुम्ही बघताच आहात. दोन गटप्रमुख नेमून गडी निवडायला लावणं त्याहून वाईट, कारण शेवटी उरलेलं लेकरू ते वर्षभर विसरत नाही. आणि 'एका गल्लीतले एका गटात, म्हणजे घरी मिळून अभ्यास करतील' ही युक्ती अनेक जण सांगतील, ती ऐकू नका. आपल्या गावांत गल्लीनुसार गट म्हणजे जातीनुसार गट, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

जुन्या कॅलेंडरची नऊ पानं घ्या. प्रत्येक पानाच्या चित्राचे चार तुकडे करा, एकाचे तीन. दोन डबे ठेवा, एक मुलींचा आणि एक मुलांचा. प्रत्येक चित्राचे दोन तुकडे या डब्यात, दोन त्या डब्यात. ज्यांचं चित्र जुळलं तो गट. दोन मुली, दोन मुलं. मुलामुलींची संख्या सारखी नसेल तर एखादा गट सगळ्या मुलींचा होऊ द्या, पण तीन मुलांत एकटी मुलगी बसवू नका. सहावी-सातवीत चिडवाचिडवी कशी चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. मॅडमनी लावून दिलेल्या जोडीवर लेकरं कुरकुर करतात, चिठ्ठीत निघालेल्यावर फारशी करत नाहीत. नशिबाशी कोण भांडणार? एकदा पडलेला गट महिनाभर मोडू नका, कुणी रडत आलं तरी. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं येतीलच.

आता मुख्य उपक्रम. मी तुमच्या जागी असते तर पहिले दोन महिने हा एकच नेटाने घेतला असता.

१९७१ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती आणि शाळाशाळांत मारामाऱ्या चालू होत्या. एलियट अॅरनसन या मानसशास्त्रज्ञाला मदतीला बोलावलं. त्यांनी वर्गात बसून पाहिलं. शिक्षक प्रश्न विचारतात, पाच-सहा हात वर जातात, एकाला संधी मिळते, बाकीचे हिरमुसतात, आणि उत्तर चुकलं की त्यांनाच बरं वाटतं. शेजारच्याचं नुकसान हा आपला फायदा, असाच तो वर्ग रचलेला होता. अॅरनसन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. एकाकडचा तुकडा दुसऱ्याकडे नाही. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर, आणि ज्याची त्याने द्यायची. म्हणजे शेजारच्याचं ऐकलं नाही तर आपलंच नुकसान.

तुमच्या वर्गात हा उपक्रम मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या विषयावर घेऊन बघा. एवीतेवी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, दोन भाषणं होतात, आणि नेमकं काय झालं होतं हे लेकरांना कळतच नाही. चार चिठ्ठ्या तयार करा, प्रत्येकीत सहा-सात सोप्या ओळी. पहिली चिठ्ठी : हैदराबाद संस्थान म्हणजे काय, त्यात तेलंगणाचा, कन्नड मुलखाचा आणि आपल्या पाच मराठी जिल्ह्यांचा भाग कसा होता, आणि १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी निजाम भारतात का आला नाही. दुसरी : स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि स्टेट काँग्रेसचा लढा. स्वामीजी आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग तुमच्याच अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, योगेश्वरीच्या शाळेत शिक्षक होते, हे जरूर लिहा. आपल्या तालुक्याचं नाव आलं की लेकरं कान टवकारतात. तिसरी : रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणारी सशस्त्र संघटना, आणि त्यांचा म्होरक्या, लातूरला वकिली करणारा कासीम रझवी. याच चिठ्ठीत शोएबुल्ला खान यांचंही लिहा. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक रझाकारांच्या विरोधात लिहीत होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे नाव वर्गात आलंच पाहिजे, नाहीतर हा धडा वर्गातल्या दोन-तीन मुस्लीम लेकरांच्या अंगावर येतो. चौथी : १३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने फौज आत शिरली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामाने हार मानली, ते 'ऑपरेशन पोलो'.

पहिल्या तासाला गटातल्या चौघांना एकेक चिठ्ठी द्या. मग सगळ्या गटांतल्या 'एक नंबर'वाल्यांना एका कोपऱ्यात बसवा, 'दोन नंबर'वाल्यांना दुसऱ्या, असं. एका कोपऱ्यात नऊ जण होतील. ते जास्त झाले, त्यांचे दोन भाग करा. इथे त्यांनी आपली चिठ्ठी मिळून वाचायची, अडलेलं एकमेकांना विचारायचं आणि आपल्या गटाला काय सांगायचं ते ठरवायचं. ही पायरी गाळू नका. अडखळत वाचणाऱ्या लेकराला इथे आधार मिळतो, म्हणजे गटात परत जाताना त्याच्या हातात काहीतरी असतं. तिघांच्या गटात एकाकडे दोन चिठ्ठ्या येतील. तुमच्या त्या हुशार मुलीला त्या देऊ नका.

दुसऱ्या तासाला सगळे आपल्या गटात परत. चिठ्ठ्या मॅडमकडे जमा, वह्या बंद. प्रत्येकाने आपला भाग सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, विचारायचं. मग दहा प्रश्नांची चाचणी, ज्याची त्याने सोडवायची. गटाला गुण नाहीत आणि बक्षीसही नाही.

पहिल्या खेपेला काय होईल तेही सांगते. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा आपला भाग सांगायला लागेल, दोन वाक्यांनंतर अडकेल, कान खाजवेल, खिडकीकडे बघेल. तुमची हुशार मुलगी चुळबुळ करेल आणि म्हणेल, "मॅडम, ह्याला काहीच येईना, चिठ्ठी मलाच द्या ना." तिथे तिला रागवू नका, 'सगळ्यांशी प्रेमाने वागावं' असंही सांगू नका. एवढंच म्हणा, "चाचणीत त्या भागावर तीन प्रश्न आहेत आणि उत्तरं फक्त याच्याकडे आहेत. तू काय विचारलंस तर तो सांगेल?" एवढं बोलून दुसऱ्या गटाकडे जा. पाठीमागून तुम्हाला ऐकू येईल, "बरं, रझवी कुठला व्हता?" "लातूरचा." "काय करायचा?" "वकील व्हता." मुलगा बोलायला लागेल, कारण कुणीतरी त्याला नीट विचारलं. त्या मुलीलाही यातून काहीतरी नवं मिळतं. पाठ करणं तिला येतंच, समोरच्याकडून काढून घेणं तिला अजून शिकायचं आहे.

पहिली चाचणी बहुधा पडेल. दुसरीही पडू शकेल. दर आठवड्याला एक धडा असा घ्या : विज्ञानातला अन्नघटकांचा घ्या, भूगोलातला घ्या. गणिताला मात्र हे लावू नका. तिथे एक पायरी कळल्याशिवाय पुढची कळत नाही, त्यामुळे तुकडे वाटून चालत नाही.

आता त्या भांडणाचं. प्रश्नमंजूषा दोन महिने बंद ठेवा. स्पर्धा वाईट असते असं माझं म्हणणं नाही, लेकरांना चुरस आवडते आणि आवडू द्यावी. पण ज्या वर्गात आधीच गाव, वस्ती आणि तांडा अशी फूट आहे, तिथे गटागटांत चढाओढ लावली की त्या फुटीला नाव मिळतं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. काही उपयोग झाला नाही, जेवताना अन्नच फेकून मारलं. फरक कधी पडला? शिबिराचं पाणी बंद पडलं आणि बिघाड सगळ्यांनी मिळून शोधावा लागला, जेवण आणणारा ट्रक चालू होईना आणि सगळ्यांनी मिळून तो ओढावा लागला, तेव्हा. ट्रक ओढायला त्यांनी रस्सीखेचीचाच दोर वापरला. हे सगळे प्रसंग शेरीफ यांनी मुद्दाम घडवून आणले होते आणि मुलांना अंधारात ठेवून केलेल्या या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, ती रास्तच आहे. पण त्यातून हाती लागलेली गोष्ट तुमच्या कामाची आहे. नुसतं शेजारी बसवून भागत नाही. दोघांचीही अडचण एकच असावी लागते आणि ती दोघांशिवाय सुटू नये.

मराठवाड्यात अशी अडचण शोधायला लांब जावं लागत नाही. 'आपल्या शाळेला एका दिवसात किती पाणी लागतं?' हा प्रश्न फळ्यावर लिहा. प्यायला, खिचडी शिजवायला, भांडी घासायला, हातपाय धुवायला, संडास-मुतारीला आणि झाडांना. प्रत्येक वापर एकेका गटाकडे. उरलेले तीन गट दुसऱ्यांची मोजमापं पडताळून बघतील. लिटरच्या बाटलीने बादली मापायची, बादलीवर खडूने खूण करायची, दिवसभर हिशेब ठेवायचा. खिचडीवाल्या मावशींना विचारावं लागेल, पाचवीच्या लेकरांना थांबवून विचारावं लागेल. दुपारी सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर. एका गटाने काम केलं नाही तर बेरीज अपुरी राहते, आणि ते साऱ्या वर्गाला दिसतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही. मग त्यांना सांगा, की एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर होतं. शाळेला रोज ८०० लिटर लागतं असं निघालं, तर ती गाडी शाळेला ६२५ दिवस पुरली असती. आणि लातूर शहराला किती पुरली असेल? यावर वर्गात जी चर्चा होईल ती करू द्या. घंटा झाली तरी.

मनोरा तुम्हाला सोडायचा नसेल तर सोडू नका, फक्त थोडा बदला. पीटर स्किलमन यांनी तयार केलेला एक खेळ जगभर खेळतात : २० कच्च्या शेवया, थोडी दोरी, थोडी चिकटपट्टी, वर ठेवायला एक मऊ गोळी, आणि १८ मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा. त्यात बालवाडीतली पोरं व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच मनोरे उभे करतात, कारण ती पुढारी कोण यावर वेळ घालवत नाहीत, लगेच बांधतात, पडलं की परत बांधतात. तुम्ही शेवयांच्या जागी खराट्याच्या २० काड्या घ्या, मीटरभर सुतळी, आणि वर एक बोर. बोरांच्या दिवसांत घ्या, म्हणजे शेवटी खाताही येतं. कामं वाटून द्या : एकाने फक्त धरायचं, एकाने फक्त गाठ मारायची, एकाने फक्त मोजायचं. चौथ्याने हात मागे बांधून नुसतं सांगायचं. हुशार मुलीला हे चौथं काम द्या आणि बघा. पहिला नंबर काढू नका. नऊही मनोऱ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून बेरीज करा. 'सहावीचा मनोरा : इतके सेंटिमीटर.' पुढच्या शनिवारी ही बेरीज मोडायची. मग शेजारच्या गटाचा मनोरा पडायला लागला की लेकरं हसणार नाहीत, धरायला धावतील.

'खो-गोष्ट' लहान आहे, दहा मिनिटांत होते, परिपाठानंतर घेता येते. एकाने गोष्टीचं एक वाक्य सांगायचं आणि अर्ध्यावर तोडायचं, मग अजून न बोललेल्या कुणालाही खो. एकदा खो मिळालेल्याला परत देता येत नाही. शेवटी-शेवटी कोण राहिलंय हे लेकरं स्वतःच शोधायला लागतात. तांड्यावरच्या लेकरांना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, वाक्य सांगायची मुभा ठेवा. बाकीच्यांना कळलं नाही तर विचारतील, गोष्ट पुढे न्यायची तर विचारावंच लागेल.

आणि ती सात लेकरं. त्यांची सोय ती परत आल्यावर करू नका, आत्ताच करा. नऊपैकी सात गटांच्या वहीवर एकेकाचं नाव आत्ताच घाला, तिघांच्या गटाला एक नक्की. दर शनिवारी गटाने आपल्या त्या गड्यासाठी मिनिटभराचा आवाजी निरोप तुमच्या फोनवर भरायचा : या आठवड्यात काय शिकलो, शाळेत काय झालं, कुणाच्या म्हशीला पारडू झालं. आईबापाच्या नाहीतर मुकादमाच्या फोनवर तो पाठवा. सगळे पोचणार नाहीत. जे पोचतील ते फडावरच्या कोपीत चार-चार वेळा ऐकले जातील. पाडव्याला तो मुलगा वर्गात येईल तेव्हा त्याला गटात घ्यायचं का, हा प्रश्नच निघणार नाही. त्याचं नाव वहीवर आधीपासून आहे.

आल्यावर पहिल्या आठवड्यात 'ऊस ते साखर' हा विषय तुकडे पाडून घ्या, आणि तोडणी, मोळी, गाडी भरणं, कारखान्याचा काटा हा भाग या लेकरांकडे द्या. कोणत्या तालुक्यातून, कोणत्या घाटाने, कोणत्या कारखान्याला गेले तो रस्ता त्यांनी नकाशावर काढू द्या. यातलं पुस्तकात फार थोडं आहे आणि वर्गातल्या हुशार मुलीला काहीच माहीत नाही. एक पथ्य पाळा. प्रश्न कामाबद्दल आणि रस्त्याबद्दल असू द्या, 'तिथे कसे राहायचात, काय खायचात' याबद्दल नको. आणि आदल्या दिवशी लेकराला बाजूला घेऊन विचारा, सांगशील का म्हणून. नाही म्हणाला तर दुसरा भाग द्या.

काही उपक्रम मोबाईलवर फार दिसतात, ते टाळा. सगळ्यांनी गोलात एकमेकांचे हात धरून गुंता सोडवायचा खेळ तुमच्या गावात सहावीला घेतलात तर संध्याकाळी पालक दारात येतील, आणि त्यातून लेकरं काही फार शिकतात असंही नाही. डोळे मिटून पाठीमागे पडायचं आणि मित्रांनी झेलायचं, हा तर शहाबादी फरशीवर नकोच. विश्वास बसवायला डोकं फोडून घ्यायची गरज नाही.

राहिले मुख्याध्यापक. त्यांचं अगदीच चुकतंय असं मी म्हणणार नाही, शेजारच्या वर्गात पाढे चालू असतील तर तुमचा गलका त्रासच देतो. शक्य तेव्हा गट वऱ्हांड्यात आणि लिंबाखाली पांगवा. एक खूण ठरवा : तुम्ही हात वर केला की ज्याने पाहिलं त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. दोन आठवडे सराव लागतो, मग वर्ग दहा सेकंदांत शांत होतो आणि तुमचा घसाही वाचतो. त्यांना नुसतं 'हा गोंगाट चांगला आहे हो सर' असं पटवायला जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या चाचणीच्या वेळी त्यांनाच बोलवा आणि प्रश्न त्यांनाच काढू द्या. मागच्या बाकावरच्या दोघांनी सातच्या वर गुण घेतले, की पुढचं बोलणं सोपं जाईल.

ज्या दोन घरांत भांडण गेलं तिथे मात्र तुम्ही स्वतः जाऊन या, एकाच दिवशी, दोन्हीकडे चहा घ्या. कोण चुकलं हे काढत बसू नका. प्रश्नमंजूषा बंद केली आहे, एवढंच सांगा. ती दोन मुलं पुढच्या चिठ्ठ्यांत एका गटात आली तर येऊ द्या, नाही आली तर मुद्दाम आणू नका.

फोटोंचं तुम्ही विचारलं नाही, पण शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर टाकायला लागतातच. लेकरांना ओळीत उभं करून, हातात तक्ता देऊन काढू नका, त्यात अर्धा तास जातो आणि चालू काम मोडतं. पाणी मोजताना बादलीभोवती वाकलेल्या चार डोक्यांचा एक फोटो काढा, पाठमोरा. तेवढा पुरे.